उपाशी जंतू

पाणी खात्याच्या प्रयोगशाळेतले जंतूंचे खाणे संपले आणि दुसऱ्याच दिवसापासून शहराचे पाणी स्वच्छ झाले.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी उठून स्वतःच्या हाताने पंखा वाढवला. टेबलावर रिपोर्ट पसरले होते. उत्तरेची टाकी, जंतू नाहीत. बाजाराजवळची टाकी, जंतू नाहीत. टेकडीवरची मोठी टाकी, जिचे झाकण वादळात उडून गेले होते आणि जिच्यात पारव्यांनी संसार थाटला होता, तिथेही जंतू नाहीत.

"बघा जंतूबाई," साहेब म्हणाले, "इतकी वर्षं आपण पाण्यात औषधं टाकत होतो, पाइप बदलत होतो. उगाच."

जंतूबाईंचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण तिथून ते कोणी कधी खाली उतरवले नव्हते. खात्यातल्या त्या एकट्या जंतुतज्ज्ञ. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, कारण हातात काचेच्या बशा होत्या.

"साहेब, पाण्यातले जंतू गेलेले नाहीत. बशीत त्यांना खायला नाही."

"पण वाढले नाहीत ना?"

"उपाशीपोटी कसे वाढतील?"

"म्हणजे आपण त्यांना उपाशी मारलं! मग चांगलंच झालं की."

"बशीत मारलं, साहेब. लोकांच्या पोटात त्यांना भरपूर खायला आहे."

पाण्यातला जंतू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चपट्या काचेच्या बशीत जेलीसारखे घट्ट खाणे ओतायचे, त्यावर पाण्याचे थेंब सोडायचे आणि बशी रात्रभर उबदार कपाटात ठेवायची. जंतू असला तर तो खातो, पोरेबाळे काढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या कुटुंबाचा मिळून टिकलीएवढा ठिपका दिसतो. ठिपके मोजले की पाणी किती घाण ते कळते. हे खाणे म्हणजे मांसापासून केलेली एक पिवळी पूड. ती डब्यातून परदेशाहून यायची. मुख्य कचेरीने ती फार महाग म्हणून बंद केली. जंतूबाईंनी तळ खरवडून काही दिवस काढले. साहेबांच्या सांगण्यावरून, पाहुणे वाढले की डाळीत पाणी वाढवतात तशी ती पातळही करून पाहिली. शेवटी नुसती जेली उरली. नुसत्या जेलीवर जंतू सोडणे म्हणजे पाहुण्यापुढे रिकामे ताट ठेवून त्याचे वजन का वाढत नाही म्हणून विचारणे.

पण साहेबांचा स्वतःचा एक सिद्धांत होता.

"बाई, मांजराला एक दिवस दूध घाला, ते रोज दारात येतं. घालू नका, शेजारी जातं. जंतूंचंही तसंच आहे. तुम्ही इतकी वर्षं घालत होतात म्हणून ते येत होते."

"आणि आता शेजारी गेले म्हणजे कुठे गेले?"

"ते दुसऱ्या खात्याचं काम," साहेब म्हणाले.

जंतूबाई रोज रिपोर्टात प्रामाणिकपणे लिहीत, 'बशीत वाढ झाली नाही, कारण खाद्य नाही.' टंकलेखक मोठा टापटिपीचा माणूस होता. त्याला लांबण आवडत नसे. तो त्याचे सुटसुटीत 'पाणी स्वच्छ' करी, खाली जंतूबाईंचे नाव आणि सहीचा शिक्का उठवी आणि असा कागद गल्लीगल्लीतल्या फलकावर चिकटवला जाई.

त्यातला एक कागद जंतूबाईंच्या सासऱ्यांनी वाचला.

मामंजी निवृत्त पोस्टमास्तर. शिक्का बसलेल्या कागदावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा जिवंत माणसावर कधी बसला नाही. सून घरात आल्यापासून त्यांना उकळलेले पाणी प्यावे लागत होते आणि ते रोज कुरकुरत पीत होते. कागद वाचला त्या दिवशी ते थेट नळाला पेला लावून उभे राहिले.

"मामंजी, उकळून प्या हो."

"का? स्वच्छ आहे म्हणून तूच लिहून दिलंयस."

"मी नाही लिहिलं."

"खाली सही कोणाची आहे?"

"माझी, पण..."

"झालं तर. सून काय, रागात असली की काहीही बोलते. सही रागात नसते." आणि त्यांनी पेला गटागटा रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी मामंजींच्या परसाकडच्या फेऱ्या वाढल्या. जंतूबाईंनी विचारले तर म्हणाले, "हवा बदललीय." तिसऱ्या दिवशी त्यांचा पट्टा एक भोक आत गेला. म्हणाले, "व्यायाम करतोय." सुनेचा रिपोर्ट खोटा पडू द्यायला ते काही केल्या तयार नव्हते. बागेतल्या बाकावर त्यांचे आठदहा म्हातारे मित्र जमत. त्यांना मामंजींनी छाती पुढे काढून सांगितले, "माझ्या सुनेनं पाणी शुद्ध केलंय. उकळत काय बसता? गॅस वर आलाय का?" म्हाताऱ्यांनी घरोघरी पातेली चुलीवरून उतरवली.

जंतूबाईंना अन्न गोड लागेना. गल्लीत म्हातारे आहेत, तान्ही पोरे आहेत, आणि सगळे आपल्या नावावर घाण पाणी पीत आहेत. त्यातच साहेबांनी त्यांना बोलावून पेढा वाटावा तशी बातमी दिली.

"मुख्य कचेरीचे मोठे साहेब येताहेत पुढच्या आठवड्यात. सगळ्यात स्वच्छ पाण्याचं मानचिन्ह आपल्याला! अंगणात मांडव घालू. मोठे साहेब सगळ्यांसमोर आपलं पाणी पिणार. आणि पाणी स्वच्छच आहे म्हटल्यावर प्रयोगशाळा कशाला अडवून ठेवायची? ती बंद. तुम्हाला बिलं वाटायच्या विभागात टेबल दिलंय. खिडकीजवळ."

"प्रयोगशाळा बंद झाली तर पाण्यात काय आहे ते कळणार कसं?"

"आत्ता तरी कुठे कळतंय?" साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून चुकून का होईना, खरे निघून गेले.

जंतूबाईंनी तेच धरले. "साहेब, मोठे साहेब येईपर्यंत मुदत द्या. जंतूंसाठी स्वस्तातलं खाणं मी इथेच तयार करते. मांसाची पूडच हवी असं नाही. प्रोटीन पोटात गेल्याशी कारण. ते पेंडीत असतं, कडधान्यात असतं."

'स्वस्त' हा शब्द साहेबांना संगीतासारखा लागे. शिवाय पाण्यात जंतू नाहीतच अशी त्यांची खात्री असल्यामुळे, नसलेल्यांना जेवू घालायला त्यांची हरकत नव्हती.

"करा की. केसातपण प्रोटीन असतं म्हणे, माझ्या मोबाइलवर आलं होतं. न्हाव्याकडून पोतंभर फुकट मिळेल."

"केस जंतूंना पचत नाहीत, साहेब."

"फार लाडावलेत," साहेब म्हणाले.

जंतूबाईंनी शेंगदाण्याची पेंड मागवायचे ठरवले. खरेदी व्हायची ती भांडारप्रमुखांच्या हातून. त्यांना सगळे नियमराव म्हणत. नियमराव नियम पाठ म्हणत नसत. ते डोळे मिटत आणि त्यांना नियम दिसत.

"पेंड," नियमराव डोळे मिटून म्हणाले, "जनावरांचं खाद्य. आपल्या खात्यात जनावर नाही."

"जंतू आहेत."

"जंतू जनावरात मोडतात का?"

"तसं नाही म्हणता येणार."

"मग माणसात?"

"अहो, नाही."

"दोन्हीत नाहीत, तर त्यांना खायला देता येत नाही. दोन्हीपैकी एकात बसवा, मग बोला."

जंतूबाईंनी विचार केला. जनावरांत घालावेत तर पेंड येणार, पण गोठा नाही म्हणून अडणार. "बरं, माणसांत बसवा. पेंड नको, सुके वाटाणे द्या."

"वाटाणे म्हणजे अन्नपदार्थ. अन्नपदार्थ फक्त कँटीनमध्ये शिजतो, आणि नवा पदार्थ कँटीन समितीनं चाखून पास केल्याशिवाय बाहेर जात नाही." नियमरावांनी डोळे उघडले. "समितीचा सचिव मीच आहे. उद्या दुपारी चाखू."

कँटीन अण्णांचे होते. अण्णा म्हणजे सहा फुटी, घामेजलेला, हळवा माणूस. कोणी ताटात घास टाकला तर त्यांना रात्री झोप येत नसे. जंतूबाईंनी त्यांना सगळे समजावून सांगितले. वाटाणे मऊ शिजवायचे, घोटायचे, गाळायचे आणि ते पाणी तसेच प्रयोगशाळेत पाठवायचे. बाकी काही नाही.

"किती जणांचं करायचं?" अण्णांनी विचारले.

"सुरुवातीला दहावीस जण असतील. सकाळपर्यंत काही कोटी होतील."

अण्णांनी पातेल्याकडे पाहिले. "आणि हे एवढ्यात पुरेल?"

"पुरतं. फार समजूतदार असतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती चाखायला बसली. समितीत नियमराव, टंकलेखक आणि वाहनचालकांचा एक प्रतिनिधी. अण्णांनी वाफाळते वाटाण्याचे पाणी वाट्यांतून दिले. तिघांनी घोट घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"बेचव," प्रतिनिधी म्हणाला.

"मीठच नाही!" टंकलेखक म्हणाला.

"नामंजूर," नियमराव म्हणाले.

"अहो, ते तुम्हाला प्यायचं नाहीये! जंतूंना मीठ फार लागत नाही."

"बाई, जो पदार्थ समितीच्या घशाखाली उतरत नाही, तो दुसऱ्याला वाढणं माणुसकीला धरून नाही. तुम्हीच त्यांना माणसांत बसवलंत."

अण्णांना तर रडूच फुटायचे बाकी होते. आपल्या हातचे नामंजूर! ते तसेच आत गेले, पातेले चढवले आणि बाहेर आले तेव्हा त्या पाण्यात मीठ होते, मिरे होते, भरपूर लसूण होता, वर लिंबू पिळले होते. समितीने एक वाटी घेतली. खात्री करायला दुसरी घेतली. तिसरी कशाला घेतली ते कोणी सांगितले नाही.

"मंजूर," नियमराव ओठ पुसत म्हणाले. "यात आता तिळमात्र बदल केलात तर पुन्हा समितीपुढे आणावं लागेल."

उरलेले वाटीभर घेऊन जंतूबाई प्रयोगशाळेत गेल्या. करून पाहायला काय जाते, म्हणून त्यांनी त्याच्या बशा केल्या. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एका नळीत पाळीव जंतू होते. नवे खाणे आले की ते आधी या घरच्या जंतूंना द्यायचे. ते जेवले, तर खाणे चांगले. बिचारे इतकी वर्षे मिळेल ते खाऊन राहिले होते. पण लिंबू आणि लसूण पाहून त्यांनीही तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी बशा स्वच्छ.

साहेब डोकावून गेले. "अजून नाहीत? वा! आता तर जेवणाचं आमंत्रण देऊनही येत नाहीत."

इकडे कँटीनमध्ये दुसरेच सुरू झाले. वाटाण्याच्या पाण्याची कीर्ती खातेभर पसरली. जो तो समितीवर घ्या म्हणू लागला. नियमरावांच्या भांडाराबाहेर घोळका जमला.

"जंतूंना प्रोटीन आणि आम्हाला नुसता चहा?" प्रतिनिधी टेबलावर हात आपटून म्हणाला. "त्यांची नोकरी किती वर्षं झाली? त्यांच्यातला एक तरी कायम झालाय का?"

"ते कामाला किती वाजता येतात?" टंकलेखकाने विचारले.

"ते घरी जातच नाहीत," जंतूबाई म्हणाल्या.

 शेवटी ठरले असे की, जंतूंना जे मिळेल ते आधी कर्मचाऱ्यांना मिळालेच पाहिजे. तेव्हापासून अण्णा रोज मोठे पातेले चढवू लागले आणि रोज ते दुपारीच खरवडून संपू लागले. जंतूंच्या वाट्याला पातेल्याचा वास तेवढा येई.

समारंभ दोन दिवसांवर आला. त्या संध्याकाळी जंतूबाई घरी आल्या तर मामंजी आरशापुढे कोट घालून उभे. कोटात आणखी एक मामंजी मावले असते.

"तुझ्या साहेबांचा निरोप आला होता. मांडवात पहिला पेला मी प्यायचा. समाधानी नागरिक म्हणून."

"मामंजी, तुम्हाला चालताना धाप लागतेय."

"आनंदाची आहे ती," मामंजी म्हणाले आणि भिंत धरून आत गेले.

जंतूबाईंनी त्यांच्यासाठी मीठसाखरेचे पाणी केले, उकळलेल्या पाण्यात, आणि नळाचेच आहे म्हणून सांगून पाजले. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच होते. दोन दिवसांनी हा म्हातारा शहरासमोर तोच पेला पुन्हा तोंडाला लावणार, आणि त्याला अडवायला सुनेचा शब्द पुरणार नाही. त्याला दाखवावे लागेल. आणि दाखवायचे तर जंतूंना जेवू घालावे लागेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कँटीनमध्ये गेल्या. पंगत उठून गेली होती, मोठे पातेले पालथे पडले होते, आणि अण्णा कोपऱ्यात स्टुलावर बसून एका डब्यातून उदास चेहऱ्याने काहीतरी पीत होते.

"काय हे, अण्णा?"

"माझं पथ्य हो. रक्तदाब. डॉक्टरनं मीठ बंद केलंय, मिरे बंद, लसणानं जळजळतं, लिंबानं दात आंबतात. लोकांसाठी चमचमीत करायचं आणि आपण हे वाटाण्याचं पाणी प्यायचं. फोडणी द्यायच्या आधीच माझा डबा काढून ठेवतो."

जंतूबाईंनी डबा हातात घेतला. वास घेतला. बोट बुडवून चाखले. इतके बेचव, इतके निर्मळ, इतके देखणे वाटाण्याचे पाणी त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

"अण्णा, हा डबा मला द्या."

अण्णांनी डबा छातीशी धरला. "आणि मी काय पिऊ? माझं पोट, बाई!"

"एक दिवस. पाया पडते."

"पण समितीनं हे नामंजूर केलंय. बाहेर गेलं तर नियमराव..."

"पदार्थ बाहेर जात नाही. तुमचं उरलेलं जेवण बाहेर जातंय. त्याला नियम आहे का?"

अण्णांनी डोळे मिटून पाहिले. त्यांना कुठलाच नियम दिसला नाही. पण दुसरे काहीतरी दिसले असावे, कारण त्यांचा आवाज बदलला. "उपाशी आहेत का हो खरंच?"

"कधीपासूनचे."

"घ्या मग," अण्णा म्हणाले आणि डब्याला झाकण लावून दिले. "गरम आहे तोवर वाढा."

जंतूबाईंनी गाळले, जेली घातली, प्रयोगशाळेच्या कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केले, बशा ओतल्या. एका बशीत घरचे पाळीव जंतू. एकीत टेकडीच्या टाकीचे पाणी. एकीत कँटीनच्या नळाचे, एकीत स्वतःच्या घरच्या नळाचे आणि एकीत तेच घरचे पाणी, पण खळखळून उकळलेले. बशा उबदार कपाटात ठेवल्या, दार लावले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हात जोडून जंतूंची करुणा भाकली, "या रे बाबांनो, जेवायला या."

आले. असे आले की दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर जंतूबाई दोन पावले मागे सरकल्या. लग्नाला नसेल एवढी गर्दी. टेकडीच्या टाकीच्या बशीत तर ठिपके मोजायला जागा उरली नव्हती, ठिपक्याच्या डोक्यावर ठिपका बसला होता. घरच्या नळाच्या बशीतही पंगत भरली होती. फक्त उकळलेल्या पाण्याची बशी आरशासारखी लखलखीत.

बाहेर मांडवात माईक खरखरत होता. जंतूबाई बशा ट्रेमध्ये घेऊन धावल्या.

मोठे साहेब मधल्या खुर्चीवर बसले होते, शेजारी साहेब, त्यांच्या शेजारी कोटातले मामंजी. पुढच्या रांगेत बाकावरचे सगळे म्हातारे. टेबलावर काचेचे पेले ओळीने भरून ठेवलेले. साहेब बोलत होते, "आणि आता आपले समाधानी नागरिक पहिला पेला..."

मामंजींनी पेला उचलला.

"मामंजी, थांबा!"

 चारचौघांत सुनेने सासऱ्याला अडवलेले त्या मांडवाने पाहिले नव्हते. जंतूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि झाकणे काढली.

मोठे साहेब वाकले. "हे काय आहे?"

"हे आपलं पाणी," जंतूबाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला, पण सिद्धांत उतरला नाही. "सर, बाईंनी खायला घातलं! म्हणून आले! मी सांगत होतो, मांजराला दूध..."

"उकळलेल्या पाण्यालाही तेच खायला घातलंय. ही बशी. तिथे का नाही आले?"

"त्यांना... ते आवडलं नसेल," साहेब म्हणाले.

मामंजी मात्र दुसऱ्याच एका बशीवर नजर लावून होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बशीच्या कडेला चिठ्ठी होती, 'घरचा नळ'.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, मामंजी."

"यावर सही नाही."

जंतूबाईंनी त्यांच्याच खिशातले पेन काढले आणि चिठ्ठीवर सही केली. मामंजींनी सही डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग बशी पाहिली. मग पेला पाहिला. मग तो, झोपलेले मूल ठेवावे तसा, जपून टेबलावर ठेवला.

"तरीच!" मामंजी म्हणाले.

माईक त्यांच्या तोंडासमोरच होता. ते 'तरीच' मांडवभर घुमले, रस्त्यापर्यंत गेले.

"तरीच काय?" मोठ्या साहेबांनी विचारले.

"तरीच आठवडाभर मला क्षणाची उसंत नाही!"

पुढच्या रांगेत एक म्हातारा काठी टेकून उठला. "तुम्हालापण?" दुसरा उठला. "आणि मी आपला केळ्याला दोष देत होतो!" तिसरा उठला तो काही न बोलता घाईघाईने मांडवाबाहेरच गेला. मग मागच्या रांगांतून बायका बोलू लागल्या, घरोघरची पोटे बाहेर पडू लागली, आणि जो तो शेजाऱ्याला सांगू लागला की आपल्याला वाटले आपले एकट्याचेच. सगळ्यांनी सुनेच्या सहीला मान देऊन मुकाट सोसले होते.

मोठ्या साहेबांच्या हातात पेला तसाच होता. त्यांनी तो शेजारच्या कुंडीत हळूच ओतला आणि त्या रोपाकडे जरा वेळ काळजीने पाहिले.

"टाकी धुवा," ते म्हणाले. "आजच. आणि प्रयोगशाळेला हात लावू नका." मानचिन्ह पुन्हा कागदात गुंडाळले गेले आणि गाडीत जाऊन बसले.

"हेच मी म्हणत होतो, सर!" साहेब गाडीमागे धावत म्हणाले. "हे स्वस्त खाणं माझ्याच मार्गदर्शनाखाली..."

टेकडीची टाकी उपसली तेव्हा तिच्यातून पारव्यांची घरटी निघाली, एक चेंडू, एक चप्पल आणि कोणाचा तरी दाढीचा ब्रश. टाकी घासली, धुतली, औषध टाकले, नवे झाकण ठोकून बसवले. मामंजी उकळलेले पाणी पिऊन पुन्हा कोटात भरू लागले. ते आता बागेतल्या म्हाताऱ्यांना सांगत, "पाणी उकळा. माझ्या सुनेची सही आहे." नियमरावांनी डोळे मिटून एक नवा नियम पाहिला. अण्णांचा पथ्याचा डबा आता रोज दोन जागी भरायचा, एक अण्णांना आणि एक प्रयोगशाळेला. समितीने तो न चाखता मंजूर केला.

टाकी धुतल्यानंतरच्या पहिल्या बशा जंतूबाईंनी मुद्दाम मोठ्या केल्या. सकाळी त्या कपाट उघडायला गेल्या तर दारात अण्णा आधीच हजर, पंच्याला हात पुसत.

"जेवले का सगळे?"

जंतूबाईंनी घरच्या जंतूंची बशी पुढे केली. "हे बघा. घरचे पोटभर जेवलेत. बशी भरून गेलीय."

अण्णांचा चेहरा खुलला. "आणि बाहेरचे? टाकीकडचे?"

जंतूबाईंनी दुसरी बशी उजेडात धरली. एकही ठिपका नाही. त्यांनी ती फिरवून पाहिली, तिरकी करून पाहिली, भिंग लावून पाहिली. मग खुर्चीवर टेकल्या आणि किती दिवसांनी मोकळेपणी हसल्या.

"बाहेरचं कोणी नाही आलं, अण्णा."

"कोणीच नाही?" अण्णांचे डोळे भरून आले. "अहो, वाटाणे मी स्वतः निवडले होते. एक किडका जाऊ दिला नाही. परवा तर केवढे आले होते!"

"नाही आले तेच बरं झालं. पाणी स्वच्छ आहे, अण्णा. खरंच स्वच्छ."

अण्णांनी रिकाम्या बशीकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांनी यावे म्हणून चूल पेटवली होती. शेवटी त्यांनी डोके खाजवले.

"मग उद्यापासून जरा कमी करू का? येणारच नसतील तर नासाडी कशाला?"

"छे छे, कमी नाही करायचं! खायला नव्हतं तेव्हाही कोणी येत नव्हतं. त्या न येण्याला काय अर्थ होता? ताट काठोकाठ भरलेलं असावं, आणि तरी कोणी येऊ नये."

अण्णा दारापर्यंत गेले, थांबले, वळले.

"असे पाहुणे मी पहिल्यांदाच बघतो, बाई," ते म्हणाले आणि वाटाणे भिजत घालायला निघून गेले. नेहमीपेक्षा एक मूठ जास्तच.